टॉम फिनी खरंच प्लंबर होता का? होता, आणि त्यामागचं कारण साधेपणा नव्हतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोरगा सोळा वर्षांचा, फुटबॉलमध्ये उजव्या विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने, पुढे खेळतो, बरा खेळतो, एका क्लबने बोलावलंय, आणि घरचे म्हणतायत आधी आयटीआयला प्लंबरचा ट्रेड पूर्ण कर, मग काय खेळायचं ते खेळ. त्यात कुणीतरी वडलांना सांगितलं की इंग्लंडचा टॉम फिनी म्हणून एवढा मोठा प्लेयर होऊन गेला, तोसुद्धा प्लंबिंग करायचा. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर एवढ्या मोठ्या प्लेयरला लोकांच्या घरचे पाइप जोडायची वेळ का आली?

दादा, खरं आहे. मी बावीस वर्षं पोरांना कोचिंग देतोय, त्यातही विंगची पोरं जास्त, त्यामुळे फिनी हा माझा फार जवळचा विषय आहे. पण ही गोष्ट मोबाइलवर फिरते ती अर्धवट फिरते, "बघा किती साधा माणूस, स्टार असून नळ दुरुस्त करायचा" असं लिहून खाली हात जोडलेले असतात. माणूस साधा होता यात वाद नाही. पण प्लंबिंग तो साधेपणापोटी करत नव्हता, त्यामागे वडलांचा एक निर्णय होता आणि प्लेयरला बांधून ठेवणारा लीगचा एक नियम होता, आणि ते दोन्ही समजल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही. म्हणून जरा लांबड लावतो.

फिनी प्रेस्टनचा. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरमध्ये कापडगिरण्यांचं गाव, आणि क्लब प्रेस्टन नॉर्थ एंड, मैदान डीपडेल. हा क्लब साधासुधा नाही, १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी एक, आणि पहिल्याच सीझनला लीगमध्ये एकही मॅच न हरता चॅम्पियन, शिवाय त्याच वर्षी एफए कप, म्हणजे तिकडची मोठी नॉकआउट स्पर्धा, तीपण यांचीच. फिनीचा जन्म ५ एप्रिल १९२२ चा, घर मैदानापासून चालत काही मिनिटांवर. आई तो अगदी लहान असताना गेली, वडलांनी पोरं वाढवली. आणि पोरगा कसा, तर किरकोळ, आजारी, गळ्याच्या ग्रंथीचं दुखणं, चौदाव्या वर्षी उंची चार फूट नऊ इंच आणि वजन बत्तीस किलोसुद्धा नाही. माझ्याकडे असा पोरगा ट्रायलला आला तर मीसुद्धा दोनदा विचार करीन, खरं सांगतो. पण गल्लीत आणि होम स्लॅकच्या मोकळ्या रानात दिवसभर पायात बॉल असायचा, आणि डोळ्यासमोर आदर्श होता तो ॲलेक्स जेम्स, प्रेस्टनचाच इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे विंगर आणि मधला फॉरवर्ड यांच्यामध्ये खेळणारा, तोही बुटका, तोही ताकदीवर नाही तर डोक्यावर खेळणारा.

क्लबने त्याला ग्राउंड स्टाफवर घ्यायची तयारी दाखवली, आठवड्याला ५० शिलिंग, म्हणजे अडीच पौंड. ग्राउंड स्टाफ म्हणजे मैदान झाडायचं, बूट साफ करायचे, सीनियर लोकांची कामं करायची आणि त्यातून खेळायला शिकायचं, तेव्हाच्या पोरांचा वर जायचा रस्ता हाच. त्या घरात अडीच पौंड म्हणजे लहान रक्कम नव्हे. आणि वडील म्हणाले, नाही. आधी प्लंबिंगची ॲप्रेंटिसशिप पूर्ण होणार, हातात कसब येणार, मग फुटबॉल. पोराला किती लागलं असेल विचार करा, स्वतःच्या गावचा क्लब बोलावतोय आणि बाप दार लावतोय. पण मधला मार्ग निघाला, दिवसा प्लंबरच्या हाताखाली काम आणि संध्याकाळी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी क्लबवर अमॅच्युअर म्हणून ट्रेनिंग. शिसं वितळवायचं, पाइप वाकवायचे, जोड द्यायचे, आणि मग बूट घालून मैदानात. प्रोफेशनल म्हणून सही झाली ती जानेवारी १९४० मध्ये.

तारीख बघा. दुसरं महायुद्ध सुरू होऊन चार महिने झाले होते, नेहमीची लीग बंद पडलेली. म्हणजे सही झाली आणि खेळायला लीगच नाही. युद्धकाळातल्या ज्या जोडजाड स्पर्धा होत्या त्यात तो खेळला, आणि १९४१ च्या युद्धकाळातल्या कपच्या फायनलला १९ वर्षांचा फिनी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर आर्सेनलसमोर उभा होता. मॅच १-१, मग ब्लॅकबर्नला रीप्ले, तो प्रेस्टनने २-१ ने जिंकला. या फायनलला आर्सेनलचा गोल कुणी मारला माहितीये? डेनिस कॉम्प्टनने. तोच क्रिकेटवाला कॉम्प्टन, जो पुढे सैन्यातून भारतात आला, महूला होता, आणि मार्च १९४५ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्नवर रणजीच्या फायनलला इंदूरच्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध २४९ नॉट आउट काढले, तरी मुंबईच जिंकली. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना कॉम्प्टन पाठ आहे, पण तो आर्सेनलचा विंगर होता आणि फिनीसमोर कप फायनल खेळला होता हे सांगितलं की लोक चकित होतात.

१९४२ ला फिनीला बोलावणं आलं. रणगाडा दलात भरती, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या एट्थ आर्मीबरोबर आधी इजिप्त, मग इटली, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या आर्जेंटाच्या लढाईत तो रणगाडा चालवत होता. मध्ये आर्मीच्या टीमकडून खेळणं चालू होतं तेवढंच. वयाच्या विसाव्या ते चोविसाव्या वर्षापर्यंतचा काळ, विंगरच्या पायात सगळ्यात जास्त चपळाई असते तो, असा गेला. लीगमध्ये पहिली मॅच खेळला ती ३१ ऑगस्ट १९४६ ला, लीड्सविरुद्ध, डीपडेलवर, प्रेस्टन ३-२ ने जिंकलं. वय २४. आणि महिन्याभरात, २८ सप्टेंबरला बेलफास्टला, इंग्लंडकडून पहिली मॅच, नॉर्दर्न आयर्लंडवर ७-२, त्यात त्याचा एक गोल. आजकाल एकवीसच्या पोराला "याचं वय झालं" म्हणणारे स्काउट, म्हणजे क्लबसाठी पोरं हेरणारे, मी बघतो तेव्हा मला ही तारीख आठवते.

आता तो खेळायचा कसा. इथे मी जरा थांबणार आहे कारण तुमचा पोरगा विंगर आहे.

फिनी मूळचा डावखुरा, आणि खेळायचा उजव्या विंगला. आज हे कॉमन आहे, उलट्या पायाचा विंगर आत येतो आणि शूट मारतो, सगळ्या टीव्हीवर बघतो आपण. त्या काळात विंगर म्हणजे लाइनला चिकटून पळायचं, गोललाइनपर्यंत जायचं आणि क्रॉस टाकायचा, उजव्या बाजूला उजवा पायवाला आणि डाव्या बाजूला डावा, विषय संपला. फिनीने लहानपणापासून उजवा पाय घासून घासून असा तयार केला की बघणाऱ्याला त्याचा मूळ पाय कुठला हे ओळखता येईना. आता फुल बॅकच्या, म्हणजे विंगरला अडवणाऱ्या कडेच्या डिफेंडरच्या, जागी उभं राहून बघा. समोरून विंगर येतोय. बाहेरून गेला तर उजव्या पायाने क्रॉस पडणार, आत आला तर डाव्या पायाने गोलवर शॉट. एका पायाच्या विंगरला अडवायचं सोपं असतं, त्याचा चांगला पाय झाकायचा, त्याला वाईट पायाकडे ढकलायचं, मी माझ्या बॅकच्या पोरांना पहिल्या महिन्यात हेच शिकवतो. फिनीला ढकलायला वाईट बाजूच नव्हती. त्यामुळे बॅक थबकायचा, आणि बॅक थबकला, वजन टाचेवर गेलं, की मॅच तिथेच संपली, कारण टाचेवर उभा असलेला माणूस वळू शकत नाही. खांदा एकीकडे टाकायचा, बॉल दुसरीकडून काढायचा, एवढंच. जास्त नाच नाही, पायांची जादू दाखवायची म्हणून दाखवायची असलं काही नाही.

इंग्लंडकडून तो ७६ मॅच खेळला, त्यातल्या ४० उजव्या विंगला, ३३ डाव्या विंगला आणि ३ सेंटर फॉरवर्ड म्हणून. हे आकडे मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो. एवढ्या वरच्या लेव्हलला दोन्ही विंगवर जवळपास सारखं खेळलेला माणूस शोधून दाखवा म्हणतो. गोल ३०, आणि विंगरने मारलेले ३० आहेत हे लक्षात घ्या. प्रेस्टनकडून लीगच्या ४३३ मॅचमध्ये १८७ गोल, कप वगैरे धरून ४७३ मॅचमध्ये २१०. सगळे एकाच क्लबसाठी.

आणि हे सगळं कशावर? आपल्या कोल्हापुरात सीझन थंडी-उन्हाळ्यातला, मैदान कडक, बॉल उसळतो. तिकडे नोव्हेंबर ते मार्च नुसता चिखल, पेनल्टी बॉक्समध्ये गवताची काडी नाही. बूट घोट्यापर्यंतचे, जाड चामड्याचे, पुढची टोपी टणक, तळाला स्टड खिळ्यांनी ठोकलेले. लोक म्हणतात तेव्हाचा बॉल जड होता, तर कोरडा असताना जवळपास आजच्याइतकाच होता, नियमाने १४ ते १६ औंस, पण चामडं पाणी प्यायचं, आणि हाफ टाइमनंतर तोच बॉल दगड व्हायचा, वर दोरीची शिवण, ती कपाळाला लागली की खूण उठायची. मागून पाय घालून बॉल काढणं चालायचं, खांद्याने उडवणं चालायचं, आणि लीगमध्ये बदली खेळाडू नव्हतेच, ते १९६५ ला आले. म्हणजे विंगर लंगडा झाला तरी त्याने बाजूला लंगडत उभं राहायचं. जांघेच्या दुखण्याने त्याला शेवटची कित्येक वर्षं सतावलं. एवढं खाऊनसुद्धा पूर्ण कारकिर्दीत रेफ्रीला एकदाही त्याचं नाव वहीत लिहावं लागलं नाही. एकदाही नाही. मार खाऊन उठायचं, पँटचा चिखल झटकायचा आणि पुढच्या वेळी त्याच बॅकला परत काढायचं, याला मी खरी मस्ती म्हणतो.

स्टॅन्ली मॅथ्यूज मोठा की फिनी हा वाद तिकडे पिढ्यानपिढ्या चालू आहे. मॅथ्यूज ब्लॅकपूलचा, प्रेस्टनपासून हाकेच्या अंतरावर, तोही उजवा विंगर. माझं मत विचाराल तर बाहेरून बॅकला काढण्यात मॅथ्यूजसारखा दुसरा नाही, पण टीम बनवताना एकच घ्यायचा म्हटलं तर मी फिनी घेईन, कारण तो गोल मारतो, दोन्ही बाजूंना खेळतो, मध्ये खेळतो आणि बॉल गेला तर परत येऊन काढून घेतो. दोघांना एकत्र खेळवलं तेव्हा काय झालं तर मे १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगालवर १०-०, मॅथ्यूज उजवीकडे, फिनी डावीकडे, दोघांचा एकेक गोल. बिल शँकली, जे पुढे लिव्हरपूलचे मॅनेजर म्हणून गाजले, ते प्रेस्टनला फिनीबरोबर खेळले होते आणि आयुष्यभर सांगत राहिले की फिनी कुठल्याही काळात, ओव्हरकोट घालूनसुद्धा भारी खेळला असता.

आता पैशाचा विषय, कारण खरी गोष्ट इथे आहे.

इंग्लंडमध्ये १९०१ पासून प्लेयरच्या पगाराला वरची मर्यादा होती. क्लबला कितीही कमाई होवो, प्लेयर कितीही मोठा असो, त्या आकड्यापेक्षा जास्त द्यायचं नाही, दिलं तर दंड. १९४७ ला ही मर्यादा आठवड्याला १२ पौंड होती, १९५१ ला १४, आणि १९५८ ला २०, तेही सीझन चालू असताना, उन्हाळ्यात त्याहून कमी. आणि हा काळ कसला, तर १९४८-४९ च्या एका सीझनला इंग्लंडच्या लीग मॅचना चार कोटींवर प्रेक्षक आले होते. गेटवर पैशांची रास पडत होती आणि ज्याला बघायला लोक येतायत त्याच्या हातात एखाद्या चांगल्या कारागिराच्या पगारापेक्षा थोडे जास्त पैसे.

मग प्लेयर दुसरीकडे का जात नव्हते? जाताच येत नव्हतं. दुसरा नियम असा होता की प्लेयरचं रजिस्ट्रेशन क्लबच्या ताब्यात. करार एक वर्षाचा, पण वर्ष संपलं तरी क्लबने "आम्ही याला ठेवून घेतोय" असं यादीत लिहिलं की झालं, तो लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळू शकत नाही. नवीन करारावर सही केली नाही तर पगार बंद, पण सुटका नाहीच. म्हणजे करार संपला तरी माणूस बांधलेलाच. जमिनीच्या कुळालासुद्धा यापेक्षा जास्त हक्क असतात.

लोकांनी धडपड केली नाही असं नाही. विल्फ मॅनियन, इंग्लंडचा अव्वल इनसाइड फॉरवर्ड, १९४८ ला मिडल्सबरो सोडायचं म्हणून अडून बसला, अर्धा सीझन खेळला नाही, ओल्डहॅमला कोंबड्यांची खुराडी विकायची नोकरी करत होता, आणि शेवटी परत त्याच क्लबला यावं लागलं. नील फ्रँकलिन, इंग्लंडचा सेंटर हाफ, म्हणजे मधला डिफेंडर, १९५० च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर कोलंबियात बोगोटाला गेला, कारण तिथली लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती आणि पैसे रग्गड होते. काही महिन्यांत परत आला, बंदी बसली, आणि लागोपाठ २७ मॅच खेळलेला हा माणूस पुन्हा इंग्लंडकडून कधी खेळला नाही.

आणि मग १९५२. मे महिना, इंग्लंड इटलीशी फ्लोरेन्सला खेळलं, १-१. मॅचनंतर सिसिलीतल्या पालेर्मो क्लबचे अध्यक्ष, ते तिथले प्रिन्स होते, फिनीला भेटले. ऑफर काय, तर सही करायचे १०,००० पौंड रोख, महिन्याला १३० पौंड, वर बोनस, समुद्रकिनारी बंगला, गाडी, बायकापोरांचा येण्याजाण्याचा खर्च, दोन वर्षांसाठी. आता हिशोब करू. आठवड्याला १४ पौंड, वर्षभर सलग धरले तरी ७२८ पौंड होतात. म्हणजे नुसत्या सहीचे पैसे जवळजवळ चौदा वर्षांच्या पगाराएवढे. वय तेव्हा ३०. पुढे खेळायची वर्षं किती राहिली असतील ते त्यालाही कळत होतं.

तो क्लबकडे गेला. चोरून गेला नाही, बोगोटावाल्यांसारखा पळाला नाही, घरी परत आला आणि चेअरमनसमोर जाऊन विचारलं. चेअरमनचं उत्तर लँकेशायरच्या बोलीत जे होतं त्याचा अर्थ एवढाच, की खेळशील तर आमच्याकडून, नाहीतर कुणाकडूनच नाही. पालेर्मो प्रेस्टनलासुद्धा ३०,००० पौंड द्यायला तयार होतं, तरी नाही. दुसऱ्या दिवसापासून फिनी परत १४ पौंडांवर.

हे वाचून मला दरवेळी राग येतो, आणि हा राग त्या चेअरमनवर कमी आणि नियमावर जास्त आहे. कारण नियमाने त्याला तसं बोलायचा हक्क दिला होता. लोक आज याला "एका क्लबशी निष्ठा" म्हणून हार घालतात. फिनीला प्रेस्टनचं प्रेम होतंच, गाव त्याचं, माणसं त्याची. पण दार बाहेरून बंद असताना आत बसलेल्या माणसाच्या निष्ठेचं कौतुक करणं हे मला पटत नाही. त्याला विचारलं गेलं असतं आणि तो थांबला असता तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून प्लंबिंग. ट्रेनिंग संपलं की काम, भावाबरोबर उभा केलेला स्वतःचा धंदा. इंग्लंडच्या मॅचला लिस्बन, ट्यूरिन, फ्लोरेन्स फिरून आलेला माणूस घरी आला की बॉयलर, टाक्या, पाइपलाइन. ट्यूरिनला १९४८ मध्ये इटलीवर ४-० ने जिंकले त्यात दोन गोल याचे होते, लिस्बनला १९५० मध्ये पोर्तुगालविरुद्ध एकट्याने चार. गावातली गंमत अशी की प्रेस्टनच्या टीमला लोक "प्लंबर आणि त्याचे दहा गळके नळ" म्हणायचे, कारण तो खेळला तर टीम, नाहीतर काही नाही. बाकीच्या दहांवर हा थोडा अन्याय आहे, टॉमी डॉकर्टी, चार्ली वेमन, टॉमी थॉम्पसन अशी चांगली माणसं त्यात होती.

ट्रॉफी? नाही. मोठी एकही नाही. युद्धकाळातला तो कप सोडला तर सेकंड डिव्हिजनची, म्हणजे लीगच्या दुसऱ्या पायरीची, चॅम्पियनशिप १९५१ ला, एवढीच. १९५२-५३ ला प्रेस्टन आणि आर्सेनल दोघांचे ५४ पॉइंट, आणि शेवटच्या आठवड्यात प्रेस्टनने आर्सेनलला २-० ने हरवलंसुद्धा होतं, पण तेव्हा गोल ॲव्हरेज चालायचं, मारलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं, आर्सेनल १.५१६, प्रेस्टन १.४१७, गेली लीग. १९५४ ला एफए कपची फायनल, फिनी कॅप्टन, त्याच वर्षी फुटबॉलर ऑफ द इयर, अख्ख्या देशाला वाटत होतं की आदल्या वर्षी मॅथ्यूजने कप उचलला तसा यंदा हा उचलणार, आणि त्या दिवशी त्याचा पाय चाललाच नाही. वेस्ट ब्रॉमविचने ३-२ ने नेला, शेवटचा गोल मॅच संपायला काही मिनिटं असताना. मोठा प्लेयर मोठ्या दिवशी खेळतोच असं नसतं, आणि एका दिवसावरून माणूस मोजायचा नसतो, हे मी पोरांना याच मॅचवरून सांगतो.

इंग्लंडच्या दोन मोठ्या नामुष्क्यांचाही तो साक्षीदार. १९५० च्या वर्ल्ड कपला ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंतेला अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवलं, तेव्हा तो मैदानात होता. १९५३ ला हंगेरीने वेम्ब्लीवर ६-३ ने धुतलं तेव्हा दुखापतीमुळे बाहेर बसून बघत होता, आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टला ७-१ झालं तेव्हा परत मैदानात. हंगेरीचा तो सेंटर फॉरवर्ड, हिदेगकुटी, मागे येऊन खेळायचा आणि इंग्लंडच्या बॅकना कळायचं नाही याच्यामागे जायचं की जागेवर थांबायचं. गंमत बघा, १९५६ ला क्लिफ ब्रिटन प्रेस्टनचे मॅनेजर झाले आणि चौतिशीतल्या फिनीला त्यांनी तसंच मागे राहणारा सेंटर फॉरवर्ड केलं. विंगर म्हणून पाय जरा मंदावले होते, डोकं नव्हतं मंदावलं. १९५७ ला पुन्हा फुटबॉलर ऑफ द इयर, दोनदा मिळवणारा पहिलाच. १९५७-५८ ला प्रेस्टनने लीगमध्ये १०० गोल मारले, त्यातले २६ फिनीचे, वय ३६, आणि लीगमध्ये दुसरा नंबर, वुल्व्ह्जच्या मागे.

एक फोटो आहे तो नक्की शोधून बघा. १९५६, चेल्सीचं मैदान, धो धो पाऊस पडून मैदानात तळी साचलेली. फिनी बॉलमागे वळतोय, एक पाय पाण्यात रुतलेला, आणि त्याच्या अंगामागून पाण्याचा पंखा उठलाय, जणू बोट वळते तसा. चेहरा बघा त्याचा, सगळं लक्ष बॉलवर, पाण्याकडे नाही, बॅककडे नाही. आणि शरीराचा तोल बघा, पूर्ण तिरका आहे पण पडत नाहीये. बॅलन्स म्हणजे काय हे मला शब्दात कधी सांगता आलं नाही, मी हा फोटो दाखवतो. डीपडेलबाहेर त्याच फोटोचा पुतळा उभा आहे, २००४ ला बसवला, खाली खरोखरचं पाणी उडतं.

एप्रिल १९६० ला त्याने शेवटची मॅच खेळली, ल्यूटनविरुद्ध, घरच्या मैदानावर. वय ३८. आणि नशीब कसं असतं बघा, नऊ महिन्यांत, जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिल आणि प्लेयर्सच्या युनियनने संपाची तयारी केली आणि पगाराची मर्यादा उठली. फुलहॅमचा जॉनी हेन्स लगेच आठवड्याला १०० पौंडांवर गेला. मग जॉर्ज ईस्टहॅम हा प्लेयर न्यूकॅसल क्लबविरुद्ध कोर्टात गेला होता त्याचा निकाल १९६३ ला आला, आणि प्लेयरला करार संपल्यावरही बांधून ठेवायच्या नियमावर कोर्टाने बोट ठेवलं. फिनीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्याने खेळणं सोडलं आणि पुढच्याच सीझनला, १९६१ ला, प्रेस्टन वरच्या डिव्हिजनमधून खाली घसरलं. ते आजतागायत परत वर आलेलं नाही.

पण एक मॅच राहिली. सप्टेंबर १९६३, बेलफास्टचा डिस्टिलरी क्लब युरोपियन कपला पोर्तुगालच्या बेनफिकासमोर, बेनफिकाकडे युसेबिओसारखा मोठा गोल मारणारा. डिस्टिलरीने फिनीला विनंती केली, तो खेळला, वय ४१, तीन वर्षं मॅच नाही, आणि मॅच ३-३ सुटली. परतीच्या मॅचला तो नव्हता, डिस्टिलरी ५-० ने हरली.

पुढे प्लंबिंगचा धंदा मोठा झाला, माणूस गावात मॅजिस्ट्रेट झाला, तिथल्या आरोग्य खात्याच्या मंडळाचा अध्यक्ष झाला, क्लबचा प्रेसिडेंट झाला, १९९८ ला सर झाला. बायको एल्सी, १९४५ ला लग्न, म्हातारपणी तिला अल्झायमर झाला तेव्हा त्याने घरी तिची सेवा केली, २००४ ला ती गेली. तो १४ फेब्रुवारी २०१४ ला गेला, ९१ व्या वर्षी. डीपडेलच्या एका स्टँडला त्याचं नाव आहे, खुर्च्यांच्या रंगातून त्याचा चेहरा काढलाय.

आता तुमच्या पोराचं. आयटीआय की क्लब असा प्रश्नच मांडू नका. फिनीच्या वडलांनीही फुटबॉल तोडला नव्हता, ग्राउंड स्टाफचा पगार तोडला होता, ट्रेनिंग चालूच होतं. आयटीआयची बॅच दिवसा असते, आमची प्रॅक्टिस सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, दोन्ही बसतं, माझ्याकडची दोन पोरं इलेक्ट्रिशियन आणि फिटर करून खेळतायत. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून खेळत होतो आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं तेव्हा ज्या क्लबसाठी खेळत होतो त्यांनी एक्स-रेचेसुद्धा पैसे दिले नाहीत, हातात काही कसब नव्हतं, चार वर्षं फार वाईट गेली. म्हणून ट्रेड पूर्ण होऊ द्या हे मी मनापासून सांगतोय.

पोरगा उजव्या पायाचा आहे म्हणताय, तर रोज भिंतीवर डाव्या पायाने दोनशे पास, बॉल थांबवायचाही डाव्यानेच, पहिले दोन महिने तो चिडेल, चिडू दे. आणि क्लबच्या कागदावर सही करायच्या आधी रजिस्ट्रेशन किती वर्षांसाठी आहे, दुसरीकडे जायचं झालं तर सोडायचं पत्र कोण देणार आणि किती दिवसांत, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर तोंडी देत असतील तर सही करू नका, कागद माझ्याकडे घेऊन या, बसून वाचू.